पत्ता कुणाला विचारला

७ जून २०२३. कोल्हापूर बंद. आक्षेपार्ह म्हणून फिरलेल्या काही मोबाइल स्टेटसवरून आदल्या दिवसापासूनच शहर तापलं होतं. सकाळी शिवाजी चौकात जमाव जमला, मग दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर सगळं झालं आणि मोबाइलचं इंटरनेट बंद करण्यात आलं. दुपारी आमच्या गल्लीत इतकी शांतता होती की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत होत्या. तेवढ्यात शेजारचा बारावीतला मुलगा जिना चढून वर आला.

"काका, डीएनएस बदलला तर नेट चालतंय व्हय? पोरं म्हणाय लागल्यात चार आठ टाका म्हणून."

नाही चालणार, म्हटलं. रस्ताच खोदून ठेवलाय, पत्ता कुणालाही विचार, पोचणार कसा? त्याला ते पटलं. पण त्यानं लगेच दुसरा प्रश्न टाकला आणि तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही. "बरं, नेट आल्यावर टाकला तर? मग आपण कोण हाय ते तरी कळणार न्हाई न्हवं?"

घरात कुणीही असलं काही केलेलं नव्हतं. पण त्या दोन दिवसांत शहरातल्या प्रत्येक घरात पोरांचे मोबाइल तपासले जात होते. कुणी काय पाहिलं, कुणी काय पुढं पाठवलं याची भीती होती आणि तीच त्याच्याही आवाजात होती. त्याला मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. खरं उत्तर लांब आहे. त्यात माझीही एक चूक आहे, म्हणून ते लिहून काढतोय.

मी शिवाजी विद्यापीठातून इतिहासात एम.ए. केलं आणि त्याचा स्वाभाविक परिणाम म्हणून २००१ साली राजारामपुरीत सायबर कॅफे टाकला. आठ मशिन, एक फोन लाइन, तासाला तीस रुपये. लाइन संचारनेटची. विंडोज ९८ मध्ये नेटवर्कच्या खिडकीत जाऊन डीएनएसचे आकडे हातानं भरावे लागायचे. ते मी एका पुठ्ठ्यावर लिहून मॉनिटरच्या मागं चिकटवले होते. काय आहेत ते माहीत नव्हतं. भरले नाहीत की याहू उघडत नाही, एवढंच माहीत होतं.

ते काय आहेत हे समजायला कोल्हापूरच्या माणसाला खरं तर पुस्तक लागत नाही. आमच्या जुन्या पेठांमध्ये घर नंबरानं सापडत नाही. मंगळवार पेठेत किंवा शुक्रवार पेठेत कुणाकडं जायचं असेल तर आधी तालीम गाठायची. पाटाकडील असो, दिलबहार असो, कट्ट्यावर बसलेल्याला नाव सांगायचं. तो म्हणणार, "व्हय, त्या बोळातनं जावा, तिसरं दार." तुमच्याकडं नाव असतं, तुम्हाला दार हवं असतं आणि मधे कुणीतरी सांगणारा लागतो. इंटरनेटवर नाव म्हणजे वेबसाइटचं नाव, दार म्हणजे आकड्यांचा आयपी ॲड्रेस आणि कट्ट्यावर बसलेला म्हणजे डीएनएस सर्व्हर.

पण तालमीपाशी दोन गोष्टी घडतात. तुम्हाला दार कळतं ही पहिली. दुसरी आपल्या लक्षात येत नाही: कोण कुणाकडं आणि किती वाजता गेलं, हे कट्ट्यावरच्याला कळतं. तो वाईट माणूस असेल असं नाही. फक्त त्याला कळतं.

सुरुवातीला सगळ्या जगाचा कट्टा एकच होता. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या अर्पानेटवरच्या संगणकांची नावं आणि आकडे एका साध्या फाइलमध्ये असत. ती फाइल कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर आणि त्यांचे सहकारी सांभाळत. नवा संगणक जोडायचा तर त्यांच्या कार्यालयाला कळवायचं. मग नाव यादीत चढायचं आणि बाकीच्यांनी यादी उतरवून घ्यायची. एखाद्या मोठ्या गावचा तलाठी असावा तसं. संगणक वाढले तशी ती यादी आवरेना. मग जॉन पोस्टेल यांच्या सांगण्यावरून पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये नवी व्यवस्था मांडली: सगळी यादी कुणा एकाकडं नको, ज्याच्या त्याच्या भागाची यादी ज्यानं त्यानं ठेवावी आणि वरच्यानं फक्त खालचा कोण हे सांगावं. सगळ्यात वर रूट सर्व्हर, त्याखाली डॉट कॉम, डॉट इन असे विभाग, त्याखाली एकेक नाव. आपली डॉट इनची नोंद १९८९ सालची. पुढे बरीच वर्षं ती यादी मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडं होती.

या व्यवस्थेतली एक खुबी कॅफे बंद केल्यावर फार उशिरा माझ्या लक्षात आली. रूट सर्व्हरला तुम्ही स्वतः कधीच विचारत नाही. तुमच्या वतीनं तुमच्या इंटरनेट कंपनीचा डीएनएस सर्व्हर वरपर्यंत चौकशी करत जातो. वरच्यांना दिसतो तो त्या सर्व्हरचा पत्ता. त्याच्यामागं कोल्हापूरचा कुणी आहे की कणकवलीचा, हे त्यांना कळत नाही. म्हणजे मधला माणूस एकाच वेळी तुमचा पडदाही असतो आणि तुमच्याबद्दल सर्वांत जास्त माहिती असणाराही तोच.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचं नवल वाटू नये. दप्तरखान्यात ज्यानं चार दिवस घालवलेत त्याला बारनिशीची किंमत माहीत असते. आवक-जावक बारनिशीत पत्राचा मजकूर नसतो. कुणाकडून आलं, कुणाला गेलं, तारीख काय, एवढंच असतं. पण मूळ पत्रं वाळवीनं खाल्ली आणि नुसती बारनिशी उरली, तरी कोण कुणाशी किती आतुरतेनं बोलत होतं हे दिसतं. आठवड्यात एक पत्र जाणारं रोज दोन जायला लागलं की काहीतरी शिजत होतं. डीएनएस सर्व्हरची नोंद ही तुमची बारनिशी आहे. तुम्ही डॉक्टरच्या साइटवर काय वाचलंत ते तिच्यात नाही. पण कोणत्या रोगाच्या साइटचा पत्ता रात्री दोन वाजता विचारलात, ते आहे.

आता माझी चूक.

२००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड सुरू झालं आणि पुढं माझ्याकडंही आलं. आठही मशिन एका लाइनवर. म्हणजे बाहेरच्या जगाला आठ गिऱ्हाइकं मिळून एकच आयपी ॲड्रेस दिसायचा आणि त्या ॲड्रेसची लाइन माझ्या नावावर. मी गिऱ्हाइकांची वही ठेवायचो: नाव, गाव, मशिन नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. सायबर कॅफेंसाठीचे केंद्राचे नियम २०११ चे, त्यांत अशी नोंद किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं होतं. पण आम्ही वह्या त्याच्या कितीतरी आधीपासून ठेवत होतो, कारण विचारणारे आधीपासून येत होते.

२००६ साली दोघं जण एक कागद घेऊन आले. कुणा मुलीच्या नावानं खोटं खातं काढून घाण मेल पाठवले गेले होते. कागदावर एक आयपी ॲड्रेस, तारीख आणि वेळ होती: १४:१०. ॲड्रेस माझ्या लाइनचा. मी वही काढली. दुपारी दोन ते अडीच या वेळात पाच नंबरच्या मशिनवर एकच गिऱ्हाईक होतं, पन्हाळ्याकडून शिकायला आलेला एक मुलगा. बाकी मशिन रिकामी. मी बोट ठेवून नाव दाखवलं. बोट ठेवताना मला, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही वाटला. वही किती व्यवस्थित ठेवतो मी!

मुलाला बोलावून घेतलं गेलं. संध्याकाळपर्यंत बसवलं. गावाकडून वडील आले.

चौथ्या दिवशी रात्री दुकान बंद करताना मी सहज स्वतःच्याच एका मेलचं डोकं उघडून बघत होतो. मेलच्या वर त्याच्या प्रवासाच्या ओळी असतात ते. त्यात वेळेच्या पुढं अधिक शून्य असं लिहिलं होतं. माझ्या पोटात खड्डा पडला. ती वेळ ग्रिनिचची असते. कागदावरचे दोन वाजून दहा म्हणजे आपले सात वाजून चाळीस. मी वही पुन्हा काढली. संध्याकाळी सात चाळीसला आठपैकी सहा मशिन भरलेली, दोन सह्या वाचता येत नव्हत्या आणि पन्हाळ्याचा मुलगा चारलाच उठून गेलेला होता.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. तोवर त्याला सोडलेलं होतं, प्रकरण कुठल्या तरी वेगळ्याच दिशेनं गेलं होतं. "बरं बरं, बघू," एवढंच उत्तर मिळालं. मुलगा पुन्हा कॅफेत आला नाही. एकदा रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी दिसला. त्यानंही मला पाहिलं आणि भेळ न घेताच तो निघून गेला.

पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट २००७ ला, पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणारं चित्र टाकल्याचा आरोप होता. आधार होता आयपी ॲड्रेसचा. तो ॲड्रेस त्या वेळी कुणाकडं होता, हे इंटरनेट कंपनीनं चुकीचं कळवलं होतं. निरपराध माणूस सुमारे पन्नास दिवस कोठडीत राहिला. पुढे राज्य मानवी हक्क आयोगानं त्याला दोन लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला. ती बातमी मी कॅफेच्या काउंटरवर तीनदा वाचली. माझ्या दुकानात जे दोन तासांचं झालं होतं, तेच इथं पन्नास दिवसांचं झालं होतं.

तेव्हा मला कळलं की वह्या तीन असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. पहिली वही इंटरनेट कंपनीची: कोणता आयपी ॲड्रेस कोणत्या वेळी कोणत्या गिऱ्हाइकाच्या लाइनला दिला होता. दुसरी डीएनएस सर्व्हरची: कोणत्या ॲड्रेसवरून कोणत्या नावाची चौकशी आली. तिसरी माझ्यासारख्याची: त्या लाइनवर त्या वेळी प्रत्यक्ष कोण माणूस बसला होता. शेजारचा मुलगा डीएनएस बदलायचं म्हणत होता तेव्हा तो फक्त दुसरी वही एका दुकानातून उचलून दुसऱ्या दुकानात ठेवायचं म्हणत होता. पहिलीला धक्काही लागत नाही. तुम्ही तालमीऐवजी पानटपरीवर पत्ता विचारलात, तरी ज्याच्या दारात जाता त्याला तुमचं तोंड दिसायचं ते दिसतंच.

आणि पहिली वही आता आणखी जाड झाली आहे. आकड्यांचे जुने चार भागांचे पत्ते संपत आले. आशियासाठीचा राखीव साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या तुकड्यावर आला. त्यामुळं मोबाइल कंपन्या एकेका जुन्या ॲड्रेसमागं कितीतरी गिऱ्हाइकं बसवतात, माझ्या कॅफेत आठ होती तशी, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. आता नुसता ॲड्रेस पुरत नाही. अचूक वेळ आणि पोर्टचा आकडा जुळला तरच एक माणूस हाती लागतो. वेळ चुकली की कोण हाती लागतो ते मी पाहिलंय. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं परवान्यांत बदल करून कंपन्यांना या नोंदी निदान दोन वर्षं ठेवायला लावल्या. आधी एक वर्ष होतं.

मग "चार आठ टाका" ही म्हण आली कुठून? गूगलनं ८.८.८.८ हा सार्वजनिक डीएनएस डिसेंबर २००९ मध्ये खुला केला. वेग हे कारण सांगितलं गेलं आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याला कीर्ती मिळाली ती २०१४ च्या मार्चमध्ये, तुर्कस्तानात. तिथल्या सरकारनं ट्विटर बंद करायला सांगितलं, कंपन्यांनी सोपा उपाय केला: डीएनएसला ट्विटरचं नाव विचारलं की भलताच पत्ता द्यायचा. लोकांनी कट्टा बदलला. इस्तंबूलच्या भिंतींवर रंगानं चार आठ लिहिलेले फोटो जगभर फिरले. काही दिवसांनी तिथल्या कंपन्यांनी ८.८.८.८ कडे जाणारी वाटच वळवून घेतली आणि गूगलच्या नावानं स्वतःच उत्तरं द्यायला लागल्या. ही दुसरी गोष्ट भिंतींवर कुणी लिहिली नाही. आपल्याकडंही पुष्कळ बंदी याच पद्धतीनं घातली जाते. म्हणून ती कधी कधी आकडे बदलून उठते आणि पोरांना वाटतं आपण अदृश्य झालो.

आता जागेचा प्रश्न, कारण मुलानं तोही विचारला होता. अमेरिकेतला डीएनएस सर्व्हर घेतला तर आपण अमेरिकेत दिसतो का? नाही. शिवाय ८.८.८.८ अमेरिकेत आहे असंही नाही. शंभर नंबर फिरवला की तुम्ही ज्या गावात असाल तिथल्या पोलिसांकडं घंटी वाजते, नंबर मात्र सगळीकडं तोच. तसंच हे. एकच ॲड्रेस कितीतरी शहरांतून जाहीर केलेला असतो आणि तुमची चौकशी जवळच्या ठिकाणी जाते. रूट सर्व्हरची गोष्ट तीच: नावं तेरा, पण यंत्रं जगभर शेकड्यांनी. २००५ साली त्यांच्या प्रती भारतातही आल्या, एक मुंबईत बसली. तेव्हा "अमेरिकन" डीएनएसला कोल्हापुरातून विचारलेला पत्ता बहुधा मुंबईतच सांगितला जातो. वहीवर हक्क मात्र कंपनीचा आणि कंपनीवर हक्क तिच्या देशाच्या कायद्याचा. यंत्र कुठं आहे हा एक प्रश्न, वही कुणाच्या कपाटात आहे हा दुसरा. गूगल सांगतं की पूर्ण आयपी ॲड्रेस असलेली नोंद ते एक-दोन दिवसांत पुसतात. पुसत असतीलही. मी माझ्या वहीबद्दलही लोकांना "कोण बघतंय" असंच सांगत होतो.

(जाता जाता: कुठलीही "तुमची जागा ओळखतो" छापाची साइट उघडा, कोल्हापूरचा माणूस तिथं हमखास मुंबईकर किंवा पुणेकर निघतो. कंपनीची वाट तिथून बाहेर पडते म्हणून. आमच्या लोकांना हा अपमान वाटतो. खासगीपणाच्या दृष्टीनं बघितलं तर बरंच आहे.)

आणखी एक बारकावा आहे. जुन्या पद्धतीत डीएनएसची चौकशी उघड्या पोस्टकार्डासारखी जाते. तुम्ही चार आठांना विचारलंत तरी ते कार्ड तुमच्या कंपनीच्या हातूनच जातं आणि ती वाचू शकते. म्हणजे कट्टा बदलून एका माणसाऐवजी दोघांना कळलं. २०१६ आणि २०१८ साली ही चौकशी पाकिटात घालून पाठवायच्या पद्धती प्रमाण म्हणून आल्या आणि आता फोनमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" या नावानं ती सोय सापडते. ती सुरू करावी, मीही केली आहे. पण पाकीट फोडून वाचणारा डीएनएसवाला असतोच. शिवाय त्यानंतर तुम्ही साइटशी जोडले जाता तेव्हा तिचं नाव बहुतेक वेळा पुन्हा एकदा उघड्यावर जातं आणि ज्या आयपीकडं चाललात तो तर दिसतोच.

स्वतःचा आयपी झाकायचा तर व्हीपीएन लागतं. तिथंही वही हलते, फाटत नाही: इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याला सगळं दिसतं. त्यात कित्येकदा लाइन व्हीपीएनमधून जाते आणि डीएनएसची चौकशी मात्र जुन्याच कट्ट्यावर, म्हणजे बुरखा घालून निघावं आणि कोपऱ्यावर स्वतःच्याच आवाजात पत्ता विचारावा तसं. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इननं आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी पाच वर्षं जपावेत. काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी त्यावर भारतातली यंत्रं काढून घेतली आणि सिंगापूर नाहीतर लंडनमध्ये बसून भारतीय आयपी ॲड्रेस द्यायला सुरुवात केली. भारतात दिसणारा, भारतात नसणारा सर्व्हर! जागा आणि ॲड्रेस यांचा संबंध किती पातळ असतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हे सगळं मी त्या मुलाला त्या दुपारी सांगितलं नाही. त्याला एवढंच सांगितलं की डीएनएस बदलून तू कोण आहेस ते लपत नाही. मग वेळ होता म्हणून, ज्या कायद्याच्या जोरावर त्याचा मोबाइल मुका झाला होता त्याची गोष्ट सांगितली. इंटरनेट बंदीचे तेव्हाचे नियम २०१७ चे, पण ते ज्या कायद्याखाली केलेले होते तो भारतीय तार अधिनियम १८८५ चा. तार थांबवायचा, तार वाचायचा अधिकार त्यातच. तो कायदा झाला तेव्हा शाहू महाराज जेमतेम अकरा वर्षांचे होते, गादीवर यायला अजून नऊ वर्षं होती. त्याला याचं फार हसू आलं. पुढं नवा दूरसंचार कायदा आला आणि त्यातली बंदीची आणि तपासाची कलमं लागू झाली ती तारीख होती २६ जून २०२४. शाहू जयंती. योगायोगच, पण मी त्याला फोन करून सांगितला.

कॅफे मी २००९ साली बंद केला. मशिन भंगारात गेली, पुठ्ठ्यावरचे डीएनएसचे आकडेही गेले. वह्या तेवढ्या माळ्यावर आहेत, अकरा. ठेवायची सक्ती कधीच संपली. गेल्या दिवाळीत सफाईला काढल्या तेव्हा बायको म्हणाली, रद्दीवाला आलाय, देऊन टाका. मी २००६ ची उघडली. ते पान सापडलं. पाच नंबरचं मशिन, आल्याची वेळ, गेल्याची वेळ चार, आणि खाली त्याची नीटनेटकी, सहज वाचता येणारी सही.

रद्दीवाल्याला नाही दिल्या. लोकांची नावं आहेत त्यात. आता गच्चीवर नेऊन थोड्या थोड्या जाळतोय. सात झाल्या.